गोबर गॅसवर ट्रिकल बेड लावायचाय? आधी कूलरची ताटी बघ

दारव्ह्याकडच्या एका पोराचा प्रश्न आलाय, तो आधी देतो म्हणजे बाकीच्यांना पण समजेल. "काका, आमच्या गोशाळेत रोज 100 घनमीटर गोबर गॅस निघतो, त्यात 40 टक्के सीओटू (कार्बन डायऑक्साइड) आहे, बाकी जळणारा मिथेन. शेडवर 10 किलोवॅटचं सोलर बसलंय, दिवसा ते रिकामंच राहते. त्या विजेनं पाण्यातून हायड्रोजन काढून ट्रिकल बेड रिॲक्टरमध्ये सोडला तर त्या सीओटूचं मिथेन होते असं वाचलं. तर जंतूंवाला लावू का निकेल कॅटालिस्टवाला (रिॲक्शन घडवून आणणाऱ्या निकेलचा)? आणि 200 लिटरच्या ड्रममध्ये जमेल का?"

राजा, प्रश्न चांगला विचारला. होते, खरंच होते. जंतूंवालाच लाव. ड्रममध्ये शिकण्यापुरतं जमेल. पण 100 घनमीटरचं गणित 10 किलोवॅटवर बसत नाही, ते काऊन बसत नाही हे पुढं आकड्यात सांगतो, त्याआधी हा रिॲक्टर आहे काय ते नीट समजून घे कारण तुझ्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळून राहिल्या.

मी अठरा वर्षं एका रिफायनरीत डिझेल हायड्रोट्रीटरवर, म्हणजे हायड्रोजननं डिझेलमधलं गंधक काढायच्या युनिटवर काढली, आणि आता सहा वर्षं झाली आर्वीकडं गावी येऊन, इथं गोबर गॅसच्या बाजूलाच कॉलम, म्हणजे रिॲक्टरचा उभा नळकांडा, उभा केलाय. म्हणजे ट्रिकल बेडच्या दोन्ही जाती मी हातानं चालवल्यात, आणि दोन्हीकडं मला एकच गोष्ट नडली. ती म्हणजे पाणी सारखं पसरणं. कॅटालिस्ट कोणता, जंतू कोणते, आत भरायचा मीडिया कोणता, हे सगळं त्याच्या नंतरचं.

कूलर बघ आपला. विदर्भात कूलर नाही असं घर सापडायचं नाही. वरच्या नळीतून पाणी ताटीवर झिरपते, गवत ओलं राहते, आणि त्या ओल्या गवतातून हवा आत येते. पाणी साचत नाही, नुसता पातळ थर राहते काडीकाडीवर आणि मधून हवेला मोकळी वाट. बस, हाच ट्रिकल बेड. हवेच्या जागी गॅस आणि गवताच्या जागी कॅटालिस्टच्या गोळ्या किंवा प्लास्टिकच्या रिंगा, ज्यावर जंतूंचा थर बसतो. आणि एप्रिल संपता संपता खाऱ्या पाण्यानं नळीची दोन भोकं बुजली की काय होते आठव, ताटीवर एक कोरडा पट्टा पडते आणि सगळी गरम झळ तिथूनच घरात येते, बाकी ताटी कितीही ओली असो. हवेला कोरडी वाट सोपी वाटते. गॅसचं पण तसंच.

आता रिफायनरीत हे कसं दिसते ते सांगतो. 1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस सहा, म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक नियम आले, डिझेलमधलं गंधक 50 पीपीएमवरून (दहा लाख भागात 50) 10 पीपीएमवर आणायचं होतं. ते काम ट्रिकल बेडमध्येच होते. कोबाल्ट-मॉलिब्डेनम नाहीतर निकेल-मॉलिब्डेनमचा कॅटालिस्ट, दीड-दोन मिलीमीटर जाडीच्या काड्यांसारखा, भरलेला उंच रिॲक्टर, वरून गरम डिझेल झिरपते आणि त्याच्यासोबतच हायड्रोजन वरून खाली, तापमान साडेतीनशे डिग्रीच्या आसपास आणि प्रेशर तुझ्या ट्रॅक्टरच्या टायरच्या कितीतरी पट, 40-50 बारच्या वर. तिथं एका वेळी आमच्या बेडच्या एका बाजूचं तापमान दुसऱ्या बाजूपेक्षा वर जाऊन राहिलं होतं, आम्ही क्वेंच, म्हणजे बेड थंड करायला मधून सोडतात तो हायड्रोजन, वाढवून दिवस ढकलले, शटडाऊनमध्ये उघडलं तर त्या बाजूला कॅटालिस्टची कोळसा धरलेली ढेकळं निघाली, पारीनं फोडावी लागली. कारण काय तर तेल सारखं पसरवणारा वरचा डिस्ट्रिब्युटर ट्रे लेव्हलमध्ये नव्हता. किती, तर डोळ्याला दिसणार नाही इतका. तेल एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, आणि जिथं तेल कमी तिथं उष्णता वाहून न्यायला कोणी नाही, मग तिथं जळलं. तेव्हापासून मी कोणताही कॉलम बघितला की आधी वर चढतो.

म्हणजे केमिकलवाल्यात कोरडा पट्टा पडला की हॉट स्पॉट, आणि जंतूंवाल्यात कोरडा पट्टा पडला की गॅस तसाच्या तसा निसटते. चूक एकच, फळ वेगवेगळं.

आता तुझी मिसळ सोडवतो. तू निकेल कॅटालिस्टचा ट्रिकल बेड म्हणून राहिला, पण निकेलवर सीओटूचं मिथेन करतात ते सहसा ट्रिकल बेडमध्ये नाही. पॉल साबातिए आणि त्याचा साथी सांदेराँ यांनी 1902 मध्ये दाखवलं की निकेलवर कार्बनचे ऑक्साइड आणि हायड्रोजन तापवले की मिथेन आणि पाणी होते, साबातिएला 1912 मध्ये नोबेल मिळालं. ती रिॲक्शन 250 ते 400 डिग्रीला, कोरड्या बेडवर, नुसत्या गॅसमध्ये चालते. तिथं झिरपायला पाणी राहूच शकत नाही. आणि निकेलला गंधकाचं विष आहे, गॅसमध्ये एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा गंधकाचा गॅस) एक पीपीएमच्या खाली आणावा लागते नाहीतर कॅटालिस्ट मरते. आपल्या शेणाच्या गॅसमध्ये एचटूएस शेकड्यानं पीपीएम असते, कधी हजाराच्या वर. शिवाय ही रिॲक्शन उष्णता सोडते, एका मोलला, म्हणजे 44 ग्रॅम सीओटूला, 165 किलोज्यूल, छोट्याशा बेडमध्ये ती उष्णता काढायची म्हणजे थर्मिक ऑइलचं जॅकेट, कंट्रोल, रात्रंदिवस माणूस. गोशाळेत हे करू नको, मी स्पष्ट सांगतो.

जंतूंवाल्यात मात्र हेच काम 37 ते 60 डिग्रीत होते. जंतू म्हणतो आपण, पण हे बॅक्टेरिया नाहीत, आर्किया आहेत, 1977 मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवलं की ही वेगळीच शाखा आहे. मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट ही आहे की ज्या एन्झाइमवर शेवटी मिथेन तयार होते त्याच्या मधोमध निकेलचाच अणू बसलाय. म्हणजे साबातिएचं निकेल 300 डिग्रीला जे करते तेच निकेल या जिवाच्या पोटात हाताला सोसवेल इतक्या उष्णतेत करते. आणि गंधक? ते तर याला थोडं लागतेच, वाढायला. एकाचं विष दुसऱ्याचं मीठ. म्हणून कच्च्या गोबर गॅसवर जंतूंवालाच जमते.

बरं मग अडचण कुठं आहे? पाण्यात. हायड्रोजन पाण्यात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. शुद्ध हायड्रोजन साध्या दाबाला एका लिटर पाण्यात फक्त दीड-पावणेदोन मिलिग्रॅम बसते. सीओटू त्याच तऱ्हेनं दीड ग्रॅमच्या जवळ बसते. आणि जंतूला जेवण मिळते ते पाण्यात विरघळलेलंच, बाहेर कितीही हायड्रोजन असो. आता तुझ्या 100 घनमीटरचा हिशोब लाव. 40 घनमीटर सीओटू, एकाला चार हायड्रोजन लागते, म्हणजे रोज 160 घनमीटर हायड्रोजन, वजनात साडेचौदा किलोच्या आसपास. एका लिटरमध्ये 1.6 मिलिग्रॅम धरलं तर एवढा हायड्रोजन विरघळवायला 90 लाख लिटर पाणी लागेल! तुझ्या कॉलममध्ये समज 500 लिटर पाणी आहे, तर त्या पाण्याला दिवसातून 18 हजार वेळा हायड्रोजननं भरायचं आणि जंतूंनी रिकामं करायचं, म्हणजे साधारण दर पाच सेकंदाला एकदा. टाकीत नळी सोडून बुडबुडे काढून हे होत नाही, बुडबुडा वर येऊन फुटून जाते. मोठे लोक टाकीत जोरदार घुसळणी लावतात, कोपनहेगनजवळ अवेडोरेला 1 मेगावॅटचा असा प्लांट चालवून दाखवलाय, पण घुसळायला वीज जाते. ट्रिकल बेडमध्ये पाण्याचा थर इतका पातळ राहते की गॅसला जंतूपर्यंत जायला अंतरच उरत नाही, घुसळायची गरज नाही, फक्त एक छोटा पंप. याच्यासाठी ट्रिकल बेड. दुसरं काही कारण नाही.

म्हणून पाणी जास्त सोडलं म्हणजे चांगलं असं समजू नको. मी पण पहिल्या वर्षी पंप दिवसभर फुल चालवायचो, थर जाड होऊन राहिला होता आणि गॅस अर्धा तसाच बाहेर. मग टायमर लावला, थोडा वेळ पाणी, थोडा वेळ बंद, रिंगा निथळल्या की थर पातळ होते आणि गॅस चांगला शिरते. किती वेळ बंद ठेवायचं हे तुझ्या मीडियावर आहे, पण रिंग कोरडी पडायच्या आत परत पाणी आलं पाहिजे, काच बसवून घे बाजूनं म्हणजे डोळ्यानं दिसते.

आकडा किती निघते ते विचारशील. एका घनमीटर बेडमधून रोज किती घनमीटर मिथेन, यावर सगळे मोजतात. नवीन माणसानं दोन-तीन धरावं. म्यूनिखच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या लोकांनी 2017 मध्ये 55 डिग्रीच्या कॉलमवर 15 च्या वर काढून दाखवलं, आणि तेही 98 टक्क्यांच्या वर मिथेन ठेवून. ते तिथं, प्रयोगशाळेत, चोवीस तास बॉटलच्या हायड्रोजनवर. तू 3 धरून चाल.

आता वीज. एक घनमीटर हायड्रोजन काढायला सगळं धरून 5 युनिटच्या आसपास जाते. 160 घनमीटरला 800 युनिट रोज. आपल्याकडं एक किलोवॅट सोलर दिवसाला सरासरी 4 युनिट देते असं धर, म्हणजे 200 किलोवॅटचं सोलर लागेल. तुझ्याकडं 10. आणि एवढं करून वाढीव मिथेन किती, 40 घनमीटर, वजनात साडेअठ्ठावीस किलो. म्हणजे एका किलोला 28 युनिट. युनिट पाच रुपयाला धर, किलोमागं 140 रुपये नुसत्या विजेचे. केंद्राच्या सतत योजनेत 2018 मध्ये सीबीजीचा (शुद्ध करून दाबून भरलेल्या बायोगॅसचा) भाव 46 रुपये किलोपासून सुरू झाला होता, नंतर वाढला, पण 140 च्या जवळपास पण नाही. अजून सरळ सांगायचं तर एक किलो मिथेनमध्ये ऊर्जा असते जवळपास 14 युनिटची, आणि तू त्यात 28 घालून राहिला. ज्याच्याकडं फुकटची वीज खरोखर वाया जाते त्यानंच हे करावं. सीओटू नुसता काढूनच टाकायचा असेल, विकायच्या गॅसला 90 टक्के मिथेन हवं एवढंच असेल, तर पाण्यानं सीओटू धुऊन काढणारा वॉटर स्क्रबर यापेक्षा लय स्वस्त आहे. आणि गोशाळेच्या चुलीला, जनरेटरला तर 60 टक्क्याचा गॅस तसाच चालते, त्याला हात पण लावू नको.

तरी पण मी तुला कर म्हणतो, छोटा कर. कारण हे शिकलेली माणसं आपल्याकडं पाहिजेत. आपल्या भागात दिवसा सोलर वाढून राहिलंय, शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायला सौर प्रकल्प उभे होऊन राहिलेत, पावसाळ्यात पंप बंद असतात तेव्हा त्या विजेचं करायचं काय हा प्रश्न येणारच आहे, आणि वीज गॅसमध्ये साठवायला बॅटरी लागत नाही, आहे तोच डोम आणि तेच सिलिंडर. जिथं मोठा सीबीजी प्लांट शुद्ध सीओटू हवेत सोडून राहिला तिथं हे उद्या बसू शकते, आणि तेव्हा कॉलम चालवणारा माणूस यवतमाळ-वाशिमचा असावा असं मला मनापासून वाटते, बाहेरून आणलेला नसावा.

तर छोटा म्हणजे किती. इथं एक गोष्ट सगळे विसरतात, मी पण विसरलो होतो. पेपरमधला आकडा दिवसाचा असते, चोवीस तासाचा, आणि सूर्य तुला चांगला मिळते सहा तास. म्हणून सोलरवर चालवायचं तर बेड चौपट मोठा धरावा लागते. समज तू तीन ड्रम एकावर एक लावले, 600 लिटर, त्यातला भरलेला भाग 500 लिटर. 3 च्या हिशोबानं हा बेड चोवीस तासात दीड घनमीटर मिथेन देईल, म्हणजे तासाला साठ-बासष्ट लिटर, त्याला तासाला 250 लिटर हायड्रोजन लागेल, म्हणजे सव्वा किलोवॅटचा इलेक्ट्रोलायझर (विजेनं पाणी फोडून हायड्रोजन काढणारं यंत्र). तुझ्या 10 किलोवॅटपैकी सव्वा! सहा तासात वाढीव मिथेन पावणेचारशे लिटर, एका शेगडीचा तास-सव्वा तासाचा जाळ. कमी वाटेल, पण यावर तू सगळं शिकशील.

ड्रमबद्दल मात्र ऐक. माझा पहिला कॉलम प्लास्टिकच्या ड्रमचाच होता. एका दुपारी लाइट गेली, हायड्रोजन बंद झाला, गोबर गॅसचा व्हॉल्व्ह पण बंद झाला, पण आतले जंतू थोडेच थांबतात, जो गॅस आत होता तो खात राहिले. आता चार हायड्रोजन आणि एक सीओटू, पाच घनमीटरचं एकच घनमीटर मिथेन होते. तुझ्याच हिशोबात 260 घनमीटर आत गेलं तर बाहेर 100 निघते. म्हणजे बंद कॉलममध्ये आपोआप व्हॅक्यूम तयार होते. माझा मधला ड्रम आत ओढला गेला आणि गॅस अडवून धरणाऱ्या वॉटर सीलचं पाणी खेचलं जाऊन बाहेरची हवा आत शिरली. हायड्रोजन हवेत 4 टक्क्यांपासून 75 टक्क्यांपर्यंत पेट घेते, मिथेनचं 5 ते 15 एवढंच. त्या दिवशी तिथं कोणाची बिडी नव्हती, मोटर चालू झाली नाही, म्हणून आज हे लिहून राहिलो. माझी बायको तिथंच दहा पावलांवर शेण कालवत होती, ते चित्र अजून डोळ्यासमोरून जात नाही. म्हणून कॉलमच्या गॅस बाजूला एक छोटी गॅसची पिशवी किंवा तरंगता डोम कायम जोडलेला ठेव, जेणेकरून आत ओढ बसली तर बायोगॅस आत येईल, हवा नाही. शक्य असेल तर ड्रम लोखंडी नाहीतर एसएसचा घे, आणि जागा उघडी ठेव, वर छत असेल तर त्याला मोकळी फट पाहिजे कारण हायड्रोजन वर जाऊन साचते.

आणि यूट्यूबवर ती एचएचओ किट विकतात ना, ती हात लावायची नाही. त्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकाच नळीतून मिसळून बाहेर येते, म्हणजे नळीतच बॉम्ब, वरून ऑक्सिजननं हे आर्किया मरतात ते वेगळंच. वेगळ्या नळ्यांचा, मेम्ब्रेनवालाच इलेक्ट्रोलायझर घे.

जंतू विकत आणायची गरज नाही. तुझ्या गोबर गॅसच्या स्लरीत ते आहेतच. बाहेर पडणारी स्लरी दोनदा पातळ कापडातून गाळ, काडी-कुटार एक पण राहू देऊ नको कारण तेच वरच्या भोकात अडकते, आणि ते पाणी कॉलमवर फिरवत ठेव. हायड्रोजन सुरुवातीला थोडा, आठवड्यागणिक वाढव. खायला फक्त हायड्रोजन मिळत असला की हायड्रोजन खाणारेच टिकतात, बाकीचे आपोआप मागं पडतात. थर बसायला काही आठवडे लागतात, घाई केली तर आंबट वास येईल. तो वास ॲसिटिक ॲसिडचा, म्हणजे दुसरीच एक जात तुझा हायड्रोजन खाऊन आम्ल करून राहिली. मग हायड्रोजन निम्म्यावर आण आणि दोन दिवस थांब.

पीएच 7 ते 8 मध्ये ठेव. इथं एक युक्ती आहे, हायड्रोजन बरोब्बर चारपट टाकायचा नाही, थोडा कमी टाकायचा, 3.8 समज, म्हणजे शेवटी थोडा सीओटू उरला पाहिजे. सगळा सीओटू संपला की पाण्यातलं आम्ल संपते आणि पीएच साडेआठच्या वर पळते, मग जंतू बसून जातात. सीबीजीच्या भारतीय मानकात पण 4 टक्के सीओटू चालते, मग कायले शेवटचा थेंब काढायच्या मागं लागायचं?

दुसरी युक्ती पाण्याची. या रिॲक्शनमध्ये पाणी तयार होते, एक घनमीटर मिथेनमागं दीड लिटरच्या वर. लोकांना वाटते फायदा झाला. पण ते पाणी कोरं असते, डिस्टिल्ड वॉटरसारखं, त्यात नत्र नाही, निकेल-कोबाल्ट-लोह नाही, आणि ते रोज तुझं फिरतं पाणी पातळ करत जाते. महिना-दीड महिन्यानं कॉलम बिनाकारण मंद झाला असं वाटते, कारण हेच असते. म्हणून जेवढं पाणी वाढलं तेवढं काढून टाक आणि त्यासोबत थोडी ताजी गाळलेली स्लरी घाल, शेणाच्या स्लरीत अमोनिया आणि सूक्ष्म धातू दोन्ही असतात. काढलेलं पाणी झाडाला दे.

तापमानाचं आपल्याकडं वेगळंच आहे. मे महिन्यात चंद्रपूर-वर्ध्याला 45-46 होते, डिसेंबरच्या रात्री 10 च्या खाली. 38 वर चालवशील तर उन्हाळ्यात कॉलम 45 ला पोचेल, आणि 45 ही अशी जागा आहे की थंडवाल्यांना ती गरम आणि गरमवाल्यांना ती थंड. म्हणून मी 55 वर नेला, ग्लासवूल गुंडाळला आणि फिरत्या पाण्याला सोलर वॉटर हीटरची एक कॉइल दिली. मोठ्या कॉलमला तर रिॲक्शनची उष्णताच पुरते. पण पीव्हीसी पाइप वापरशील तर 55 ला तो नरम पडते, हे लक्षात ठेव.

रात्री हायड्रोजन नसते त्याची काळजी करू नको. हे जीव उपाशी राहू शकतात, सकाळी हायड्रोजन आला की थोड्या वेळात परत कामाला लागतात. फक्त हवा आत जाऊ द्यायची नाही आणि थर वाळू द्यायचा नाही.

मीटरबद्दल एक सांगतो, कारण यात माझा एक अख्खा हंगाम गेला. आपल्याकडचे स्वस्त बायोगॅस मीटर इन्फ्रारेडवर चालतात, त्यांना मिथेन आणि सीओटू दिसते, हायड्रोजन दिसतच नाही. मीटर म्हणते मिथेन 80, सीओटू 3. उरलेले 17 काय? हायड्रोजन निसटून राहिला का हवा शिरून राहिली? दोन्हीचा इलाज उलटा आहे. म्हणून ऑक्सिजनचा सेन्सर सोबत पाहिजेच. ऑक्सिजन शून्य असेल तर ते 17 हायड्रोजन, म्हणजे कॉलममध्ये कोरडी वाट पडली. ऑक्सिजन दाखवलं तर सगळं बंद कर आणि गळती शोध.

गोंदिया-भंडाऱ्याकडचे काही जण मला राइस मिलच्या तुसाच्या गॅसिफायरचा गॅस ट्रिकल बेडमध्ये टाकू का म्हणून विचारतात. त्यात हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड असते, जंतू ते पण खातात, हे खरं. पण हवेवर चालणाऱ्या गॅसिफायरच्या गॅसमध्ये जवळपास अर्धा नायट्रोजन असते, तो शेवटपर्यंत तसाच राहते. शुद्ध मिथेन त्यातून निघत नाही. तुमच्याकडच्या पऱ्हाटीवर गॅसिफायर चालवला तरी पण तेच.

आता तुला माझा खरा सल्ला. पहिला कॉलम हायड्रोजनचा करूच नको. पहिला कॉलम एचटूएस काढायचा कर. तोच ड्रम, त्याच रिंगा, तेच गाळलेल्या स्लरीचं पाणी, फक्त हायड्रोजनच्या जागी गॅसमध्ये 2 ते 4 टक्के हवा, मोजून, यापेक्षा जास्त बिलकुल नाही. गंधक खाणारे बॅक्टेरिया महिन्याभरात रिंगांवर पिवळट थर धरतात आणि एचटूएस पडते. तुझ्या जनरेटरचं ऑइल आणि बेअरिंग वाचते, म्हणजे पहिल्या दिवसापासून पैसे वसूल, आणि ट्रिकल बेडची सगळी भाषा, पसरणं, कोरडा पट्टा, पंपाचा टायमर, अडकलेली भोकं, हे सगळं तू हायड्रोजनच्या धोक्याशिवाय शिकशील. तो कॉलम एक पावसाळा आणि एक उन्हाळा नीट चालला की मग दुसरा, हायड्रोजनचा. दोन्ही कामं एकाच कॉलममध्ये करायचं डोक्यात आणू नको, एकाला हवा लागते आणि दुसऱ्याला हवेनं मरण आहे. आणि हवा घातलेला गॅस पुढं हायड्रोजनच्या कॉलमला पण द्यायचा नाही, त्याला कच्चाच गॅस दे.

रिंगा कोणत्या म्हणशील तर सांडपाण्याच्या प्लांटला लागतात त्या एमबीबीआर मीडियाच्या प्लास्टिक चकत्या नागपुरात मिळतात, त्या चालतात, नाहीतर पॉल रिंग. विटांचे तुकडे, कोळसा, बांबू हे मी सगळं करून बघितलं, कोळसा चुरा होऊन खाली बसते, विटा जड पडतात आणि जागा खातात. रिंगेचा आकार ड्रमच्या रुंदीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा मोठा नको, नाहीतर पाणी भिंतीला धरून खाली जाते आणि मधला भाग कोरडा.

आणि रिंगा भरायच्या आधी हे कर. ड्रम रिकामा, वरची पाण्याची जाळी बसव, ड्रमच्या तळाला 25 स्टीलच्या वाट्या ओळीनं मांड, सारख्या मापाच्या, पंप पाच मिनिटं चालव, मग प्रत्येक वाटीतलं पाणी मोजून वहीत लिही. कोणत्या पण दोन वाट्यांत दुपटीचा फरक असेल तर भोकं बदल, जाळी लेव्हल कर, परत मोज. मी हे अकरा वेळा केलं होतं. मग रिंगा अर्ध्यापर्यंत भरून खालून परत मोज, कारण वरून सारखं पडलं तरी रिंगांमधून जाताना ते आपली वाट बदलते. वाट्यांचे आकडे आणि जाळीचा फोटो पाठव, मग भोकं किती मिलीमीटरची ठेवायची ते तुझ्या पंपाप्रमाणं सांगतो.